मदत हवी आहे: वारीत न्यायला छोटा मिररलेस घेऊ की खिशात मावणारा कॅमेरा?

नमस्कार मंडळी,

यंदा माउलींच्या पालखीबरोबर नीरेपासून फलटणपर्यंत चालायचं ठरलंय. दिंडी आत्याची. तिचं हे अठरावं वर्ष, माझं दुसरं.

मागच्या वर्षी फोनवरच भागवलं. दिवसाचे फोटो छान आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी तंबूत शिरलं की फोनची अक्कल चालेनाशी व्हायची. आत्या एका पिवळ्या बल्बखाली बसून पायांना तेल चोळत होती, तो फोटो घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिला तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गायब, गाल मेणाचे. फोनने आपल्या मनाने इस्त्री फिरवली होती. आत्याला दाखवला तर म्हणाली, "ही कोण गं?" दुसरी कटकट पावसाची. बोटं ओली असली की पडदा ऐकतच नाही, आणि फोटोपायी बॅटरी संपली की घरी फोन करायचीही पंचाईत.

म्हणून कॅमेरा घ्यायचा आहे. दोन पर्यायांवर येऊन अडकले आहे.

पहिला: कॅनन आर५०, म्हणजे लेन्स बदलता येणारा मिररलेस, सोबत मिळणाऱ्या १८-४५ मिमी झूम लेन्ससकट (तीच किट लेन्स), नवा कोरा. दुसरा: सोनी आरएक्स१०० मार्क ३. ऑफिसातला एक सहकारी विकतोय, आर५० किटच्या निम्म्याहून कमी पैशांत. दिसायला साबणाच्या वडीएवढा, पण त्यात वर उचलून डोळ्याला लावायची खिडकीसुद्धा आहे.

ओळखीतले सगळे म्हणतात मिररलेसच घे, सेन्सर (आतला प्रकाश टिपणारा भाग) मोठा म्हणजे अंधारात फोटो चांगला. पटतं. पण खांद्यावर पाण्याची बाटली, रेनकोट, आत्याची औषधं, त्यात हे पाऊण वीत लांबीचं प्रकरण गळ्यात लटकवून तीन-चार दिवस चालायचं. शिवाय गळ्यात कॅमेरा दिसला की लोक पेपरवाली समजून पोझ देतात. मला ते नको आहे.

छोट्याची भीती वेगळी. पूर्वी माझ्याकडे असाच बाहेर येणाऱ्या लेन्सचा एक कॅमेरा होता. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर वाळूचा एक कण नळीत गेला. घर्र घर्र आवाज करून लेन्स अर्ध्यात अडकली ती अडकलीच. दुरुस्तीचा आकडा ऐकून तो कॅमेरा मुलाला खेळायला दिला.

फोटो मुख्यतः माणसांचे, तेही पहाटेच्या काकड्याचे आणि रात्रीच्या कीर्तनाचे. जमलं तर चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. व्हिडिओ जवळपास नाहीच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही नको. नवा फोन घ्या, ईएमआयवर.

प्रतिसाद २

"सेन्सर मोठा म्हणजे अंधारात चांगला" हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्ध लेन्समध्ये असतं आणि दुकानात ते कुणी सांगत नाही.

आरएक्स१०० चा सेन्सर म्हणायला 'एक इंची', पण त्याची कुठलीच बाजू इंचभर नाही. १३.२ गुणिले ८.८ मिलीमीटर. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. आर५० चा सेन्सर, ज्या मापाला एपीएस-सी म्हणतात, तो २२.३ गुणिले १४.९. म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ तिप्पट. इथवर तुमचे मित्र बरोबर.

आता लेन्स. एफ आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. आर५० ची १८-४५ झूम केल्यावर एफ/६.३ पर्यंत मिटते. आरएक्स१०० मार्क ३ ची लेन्स एफ/१.८ ला सुरू होते आणि पूर्ण झूमलाही २.८ वर टिकते. प्रकाश आत येतो ते भोक किती मोठं, ते काढायला लेन्सच्या मिलीमीटरला त्या एफ आकड्याने भागा. कॅनन: ४५ भागिले ६.३, म्हणजे साधारण ७ मिलीमीटर. सोनी: २५.७ भागिले २.८, म्हणजे ९ च्या वर. आणि दोन्हींतून दिसणारं दृश्य जवळपास सारखंच, जुन्या रोलच्या हिशोबात एकाचं ७२ मिमी, दुसऱ्याचं ७०. म्हणजे त्याच आत्या, तोच बल्ब, तोच शटर स्पीड, आणि छोट्या कॅमेऱ्यात एकूण प्रकाश जास्त. झूम न करता दोघं उन्नीस-बीस.

तेव्हा किट लेन्सच वापरणार असाल तर तंबूतल्या अंधारासाठी मिररलेसचे जादा पैसे मोजण्यात हशील नाही. मिररलेसचा फायदा दुसरी लेन्स घेतली की सुरू होतो. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ घेतलीत तर एफ/६.३ च्या बारा पट प्रकाश. मग मात्र छोटा कॅमेरा जवळपासही येत नाही.

धागाकर्ती

बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानातला मुलगा "मॅडम, सेन्सर बघा सेन्सर" एवढंच घोकत होता. ती ५० ची लेन्स जड असते का?

प्रतिसाद २

१६० ग्रॅम. नुसता आर५० बॅटरीसकट ३७५, किट लेन्स १३०. तिन्ही मिळून साडेसहाशेच्या पुढे, चार्जर आणि बॅग वेगळी. आरएक्स१०० मार्क ३ बॅटरीसकट २९०. आणि ५० मिमी या सेन्सरवर ८० सारखी दिसते, म्हणजे तंबूत पाठ कनातीला टेकेपर्यंत मागे सरकावं लागेल. चेहरा सुंदर येईल, पण शेजारी बसलेल्या चार जणी फ्रेमबाहेर.

प्रतिसाद ३

लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे थोडं वेगळं मत. वरच्यांचं गणित चोख आहे, पण ते बसलेल्या माणसाचं गणित आहे. रिंगणात घोडा बसत नाही.

मार्क ३ चा फोकस जुन्या पद्धतीचा, पुढे-मागे चाचपडत जाणारा. या मालिकेत वेगवान फोकस आला तो मार्क ५ पासून, २०१६ मध्ये. माउलींचा अश्व समोरून दौडत येतोय आणि कॅमेरा मागच्या पताकेवर फोकस लावतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी भोगलंय. आर५० २०२३ चा आहे. माणसाचा डोळा पकडतो, घोडा पकडतो आणि सोडत नाही. आत्या चालत असताना, अभंग म्हणताना, मान वळवताना काढायचे असतील तरीही हाच फरक जाणवेल. दहातले आठ फोटो शार्प येणं आणि दहातले चार येणं, यात सेन्सरचा काही संबंध नाही.

फक्त ७० मिमीत रिंगण दोन्हींनी लांबच दिसेल. त्याला ५५-२१० सारखी लेन्स लागते, म्हणजे अजून २७० ग्रॅम. तुम्ही तिथे रिंगण बघायला जाताय की टिपायला, ते आधी ठरवा.

धागाकर्ती

बघायला. मागच्या वर्षी टिपायच्या नादात अश्व समोरून गेला तेव्हा मी फोनचं कुलूप उघडत होते.

प्रतिसाद ४

कीर्तनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे सप्ताहात मी दोन्ही प्रकारचे कॅमेरे वापरले आहेत. आर५० चं शटर खटकन वाजतं. तंबूत पखवाज चालू असेल तर हरकत नाही, पण बुवा आवाज खाली आणून दृष्टांत सांगत असतात ना, तेव्हा सगळ्या माना वळतात. सायलेंट मोड लावता येतो, पण त्यात शटर इलेक्ट्रॉनिक होतं आणि हल्लीच्या स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. आरएक्स१०० चं शटर लेन्सच्या आत पाकळ्यांचं असतं. आवाज नखावर नख वाजवल्याएवढा आणि पट्ट्यांची कटकट क्वचितच. माझ्या मते काकड्याला आणि कीर्तनाला छोटाच बरा.

आता पाऊस. दोन्हींपैकी एकही पाण्याला बंद केलेला नाही. आर५० ला दुधाच्या पिशवीला भोक पाडून, लेन्सभोवती रबरबँड लावून चालवता येतं, मी चालवलंय. छोट्याची लेन्स आत-बाहेर करते, तिला पिशवी अडकते, त्यामुळे पाऊस आला की सरळ झिपच्या पिशवीत आणि कंबरेच्या पाऊचमध्ये. पावसातच काढायचे असतील तर ऑलिम्पसच्या टीजी-६ सारखा जलरोधक कॅमेरा मिळतो, १५ मीटर पाण्यात चालतो. पण त्याचा सेन्सर चिमूटभर, रात्री तुम्हाला परत मेणाची आत्या मिळेल.

आणि वारीहून आल्यावर ओल्या पाऊचमध्ये तसाच कपाटात टाकू नका. आम्ही रत्नागिरीचे, बुरशीने दोन लेन्स घालवल्यात. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल सहकाऱ्याकडून आरएक्स१०० एका रात्रीसाठी मागून आणला. स्वयंपाकघरातला दिवा सोडून घरातले सगळे बंद केले आणि आत्याला कांदे चिरायला बसवलं. ती वैतागली, पण फोटोत सुरकुत्या आहेत. कपाळावरचं गोंदण आहे. थोडे दाणे दिसतात, ते मला चालतील. मान हलली तेव्हा तीन-चार फोटो गेले, तेही खरं. घोडा आमच्या स्वयंपाकघरात नाही, त्यामुळे ती परीक्षा राहिली.

साधारण मन बनलंय. जुना घेताना काय तपासू?

प्रतिसाद २

दहा वेळा चालू-बंद करा आणि कान लावून ऐका. लेन्स अडखळली किंवा किरकिरली तर नमस्कार करून परत द्या, तुमचा हरिहरेश्वरचा अनुभव ताजा आहेच. मग एफ/११ वर कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहा. राखाडी ठिपके दिसले तर आत धूळ आहे, आणि या कॅमेऱ्याची लेन्स निघत नसल्याने ती घरी पुसता येत नाही. लेन्समध्ये तिरपा टॉर्च मारून बुरशीचं जाळं दिसतं का बघा. वरची खिडकी उचलून, ओढून, परत बसवून पाहा. चार्जिंगला जुनी मायक्रो यूएसबी लागते, ती केबल आठवणीने मागून घ्या. हल्ली घरात सापडत नाही.

प्रतिसाद ३

माझं मत आर५० लाच, पण ताईंनी आत्याला कांदे चिरायला बसवून निर्णय घेतलाय, तिथे काय बोलणार. बॅटऱ्या तीन ठेवा. लहान आहेत, पटकन उतरतात, आणि मुक्कामावर चार्जिंगच्या पॉइंटला दर्शनाएवढी रांग असते.

धागाकर्ती

तीन? सहकारी दोन देतोय. पॉवर बँकेवरून कॅमेऱ्यातच चार्ज होते ना? तसं असेल तर तिसरीचे पैसे वाचवून आत्यासाठी नवा रेनकोट घेते, तिचा गेल्या वर्षी दिवेघाटात फाटलाय.

प्रतिसाद २

होते. पण चार्ज होत असताना फोटो काढता येत नाहीत, रात्री झोपताना लावा. रेनकोट घ्या.