चर्चा: निकाल प्रेक्षकांनी द्यायचा, पण त्यांना कायदा कुणी समजावला?

पिटातला प्रेक्षक (धागाकर्ता)

गुन्हेगारीशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याने गुन्ह्यावर नाटक लिहिले की ते अधिक खरे उतरते, असे आपण धरून चालतो. फर्डिनांड फॉन शिराख यांच्या बाबतीत मला हे पटेनासे झाले आहे. हे गृहस्थ १९९४ मध्ये बर्लिनमध्ये आरोपींचे वकील झाले. २००९ मध्ये त्यांचा वकिलीतल्या अनुभवांवरचा कथासंग्रह आला, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘टेरर’ हे नाटक बर्लिन आणि फ्रँकफर्ट येथे एकाच दिवशी रंगमंचावर आले.

अपहरण झालेले, १६४ जणांना घेऊन निघालेले विमान म्युनिकमधल्या सत्तर हजार प्रेक्षकांनी भरलेल्या स्टेडियमच्या दिशेने येत असते आणि लार्स कोख हा लढाऊ वैमानिक आदेश धुडकावून ते पाडतो. नाटक म्हणजे त्याच्यावरचा खटला. प्रेक्षकांनी मत द्यायचे, आणि त्यानुसार लिहून ठेवलेल्या दोन निकालांपैकी एक वाचला जातो. १७ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे चित्रपट-रूपांतर दूरचित्रवाणीवर दाखवले गेले, तेव्हा जर्मनीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांनी वैमानिकाला निर्दोष ठरवले.

माझा आक्षेप असा की, हे न्यायदान नव्हे हे शिराख यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? जर्मनीतली जुनी ज्युरी १९२४ मध्येच गेली. आज तिथे खुनाच्या खटल्यात तीन न्यायाधीश आणि दोन सामान्य नागरिक एकत्र बसून विचार करतात, आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मते लागतात. शिवाय तिथल्या कायद्यात कृत्य बेकायदा ठरूनही ते करणारा माणूस क्षम्य ठरू शकतो. या दोन वेगळ्या पायऱ्यांची नाटकात गल्लत झाली, अशी कडक टीका थॉमस फिशर यांनी संघीय न्यायालयात न्यायाधीश असतानाच केली होती. आपल्याला नानावटी खटला आठवावा. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. पुढे उच्च न्यायालयाने तो कौल बाजूला ठेवला, कारण ज्युरीला कायदा चुकीचा समजावला गेला होता. (ज्युरी पद्धत त्या एका खटल्यामुळे बंद पडली, ही मात्र दंतकथा आहे.) शिराख यांचा रंगमंचावरचा न्यायाधीश नेमके तेच करतो, आणि लेखक वकील असल्यामुळे प्रेक्षक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

तिसरी घंटा

आपण नाटकाकडून न्यायालयाची शिस्त मागत आहात, आणि तीही अशा नाटकाकडून ज्याची ताकद उलटतपासणीत आहे. सरकारी वकील अगदी साधा प्रश्न विचारते: हाताशी वेळ असताना स्टेडियम रिकामे का केले नाही? मग विमानातल्या एका प्रवाशाची पत्नी साक्षीला उभी राहते आणि नवऱ्याचा शेवटचा संदेश सांगते. प्रवासी वैमानिकाच्या कक्षात घुसण्याच्या प्रयत्नात होते. म्हणजे कदाचित ते स्वतःच वाचले असते. पुढे वैमानिकाला विचारले जाते, तुझी बायको आणि मुलगा त्या विमानात असते तर? त्याला उत्तर देता येत नाही. बाहेरच्या लेखकाने इथे एक बाणेदार भाषण घातले असते. ही शांतता कोर्टात उभा राहिलेलाच माणूस लिहू शकतो. तेंडुलकर वकील नव्हते आणि तरी त्यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लिहिले, असे कुणी म्हणेल. पण तिथले कोर्ट मुळातच खेळातले होते.

आणखी एक. अपहृत विमान पाडण्याची परवानगी देणारी तरतूद जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली, कारण निरपराध प्रवाशांना वस्तूसारखे वापरता येत नाही. हा मुद्दा लाखो घरांत एका रात्रीत वादाचा झाला. त्या निकालपत्राने तो कधी झाला असता?

उलटतपासणी

मी सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहते. पक्षकाराचे नातेवाईक जामिनाच्या तारखेला जिन्यातच गाठतात आणि विचारतात, ‘मॅडम, नार्को लावा ना, सगळे बाहेर येईल.’ संमतीशिवाय नार्को करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम तर इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. तरी आपल्या मालिकांत इन्स्पेक्टरने आवाज चढवला की आरोपी रडतो आणि भाग संपतो. त्यामुळे लिहिणारा जाणकार असावा, हे मला हवेच आहे.

मात्र धागाकर्त्यांनी दोष चुकीच्या जागी शोधला आहे, असे मला वाटते. या नाटकाची मांडणीच बचाव पक्षाच्या वकिलाची आहे. आरोपीला चेहरा आहे, आवाज आहे, तो पूर्ण वेळ आपल्यासमोर बसलेला असतो. १६४ मृतांच्या वतीने एकटी विधवा येते आणि साक्ष संपवून जाते. मी तरी माझा खटला याहून वेगळा कसा उभा केला असता? हे कौशल्य आहे, लबाडी नव्हे; पण अशी मांडणी करणाऱ्याने ‘निकाल तुम्हीच द्या’ म्हणावे, याला मी तटस्थपणा म्हणणार नाही.

पिटातला प्रेक्षक

स्टेडियम रिकामे करण्याचा प्रश्न नाटकात आहे आणि ८७ टक्क्यांनी तो ऐकूनही बाजूला सारला, हे मान्य. त्याचा दोष लेखकाच्या माथी मारता येणार नाही. चेहऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझी मागणी मात्र कायम आहे: मतदानाआधी न्यायाधीशाने एवढेच सांगावे की, ‘कृत्य चूक होते असे म्हणूनही तुम्ही या माणसाला सोडू शकता.’

तिसरी घंटा

वाक्य चांगले आहे. पण ते कानावर पडताच प्रत्येक जण सुटकेच्या निःश्वासाने तोच मार्ग धरील, आणि आपले ८७ टक्के ९५ वर जातील अशी मला भीती वाटते.