‘लीन’ मिश्रणाला ‘पातळ’ म्हणावं का?

शंका: कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) जुळवणीच्या सूचना मराठीत आणताना ‘लीन’साठी (कमी पेट्रोलचं मिश्रण) ‘पातळ’ आणि ‘रिच’साठी (जास्त पेट्रोलचं) ‘दाट’ योजलंय. बरोबर वाटतं का? ‘सीएफएम’ (हवेचं माप) आणि ‘बॉग’ (एकदम थ्रॉटल दिल्यावर इंजिन क्षणभर मरगळणं) यांनाही शब्द हवेत. इंजिन ३५० घन इंचाचं, रस्त्यावर चालवायचं, कमाल ६००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या).

उत्तर: ‘पातळ’ अजिबात नको. रंग पातळ केला म्हणजे त्यात द्रव वाढवला. इथे द्रव म्हणजे पेट्रोल, म्हणून ‘मिश्रण पातळ करा’ वाचून माणूस आयडलचा (इंजिन मंद फिरताना पेट्रोल ठरवणारा) स्क्रू बाहेर फिरवणार आणि पेट्रोल वाढवून बसणार. लीनमध्ये पेट्रोल कमी असतं. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पेट्रोल पुरतं जळण्याचं जुळतं प्रमाण. पूर्ण थ्रॉटलला (हवेची झडप पूर्ण उघडल्यावर) ताकद मिळते साधारण १२.५ ते १३ ला. हवेचा आकडा चढला की पेट्रोल उतरतं, इथेही गफलत होतेच. वर्णनात लीन-रिचच ठेवा (देवाच्या चरणी लीन होणं वेगळं, संदर्भाने कळतं), पण सूचनेत सरळ ‘पेट्रोल कमी करा’ लिहा.

यात भर: सीएफएम म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा. ३५० × ६००० ÷ ३४५६ = सुमारे ६०८. एका घनफुटात १७२८ घन इंच, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं, म्हणून ३४५६. भरण (सिलिंडर प्रत्यक्षात किती हवेने भरतो) ८५ टक्के धरलं तर ५१६ च उरतात. ६०० सीएफएमचा कार्ब पुरे. ‘मोठा कार्ब’ म्हणजे ‘जास्त ताकद’ हा अर्थ कुणी चिकटवला कोण जाणे! गरजेपेक्षा मोठ्या व्हेंच्युरीत (कार्बमधल्या हवेच्या अरुंद गळ्यात) कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल खेचणारी ओढ कमी होते आणि पेट्रोल नीट उचललं जात नाही.

शंकाकर्ता: मग बॉगला ‘अडखळणं’?

उत्तर: ‘दबणं’ जास्त नेमकं. अडखळण्यात मिसफायरही (ठिणगी किंवा जळणं चुकणं) येतो. एकदम थ्रॉटल दिला की हवा लगेच धावते, जड पेट्रोल मागे राहतं. ती फट ॲक्सिलरेटर पंपाने (थ्रॉटल देताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या) भरायची. इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनर काढून वरून बघा: थ्रॉटल जरा हलवताच धार सुटली पाहिजे. उशीर झाला तर आधी पंपाच्या दांड्यातली ढिलाई काढा, नोझल (ती धार सोडणारं तोंड) नंतर. गाडी आधी दबून मग उचलली तर नोझल एक नंबर मोठा. काळा धूर सोडत उचलली तर लहान.

आणखी एक: आयडलच्या स्क्रूसाठी ‘स्क्रू पूर्ण आवळा’ हेही नको. ‘हलकेच टेकेपर्यंत आत, मग दीड फेरी बाहेर’ असं लिहा. आवळला की सुईच्या टोकाला खाच पडते. इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारं यंत्र) लावून प्रत्येक स्क्रू अष्टमांश फेरीने, सारखाच फिरवत सर्वात वरचा आकडा गाठायचा. स्क्रू फिरवून फरकच पडत नसेल, तर थ्रॉटलची पाकळी आयडललाच जास्त उघडी राहून ट्रान्स्फर स्लॉटमधून (पाकळीजवळची चीर) पेट्रोल येतंय.

शंकाकर्ता: ‘जेट (पेट्रोल मापून सोडणारं छिद्र) दोनने वाढवा’ चालेल ना?

उत्तर: नाही, दोन जेट जास्त बसवायचे असं वाटेल. ‘जेटचा नंबर दोनने वाढवा’.