इटालियन चित्रकार-शिक्षकाचा परिचय मराठीत लिहायचाय, शब्दांवर अडलंय

गोदाकाठ:
पुढच्या महिन्यात गंगापूर रोडला एका इटालियन चित्रकाराचं प्रदर्शन आणि प्रात्यक्षिक आहे. वयस्कर गृहस्थ, निवृत्त कलाशिक्षक. त्यांनी पाठवलेला परिचय दोन पानी आणि इटालियनमध्ये आहे. मशीनने केलेल्या भाषांतरात ‘भूमिकेचे प्राध्यापक’, ‘नग्नतेची मुक्त शाळा’, ‘कलामहर्षी १९७२’, ‘वैयक्तिक १९८४’, ‘बिएन्नाले १९८७’, ‘मृत निसर्ग, ७० × ५०’ असलं काहीबाही आलंय. मला एका पानाचं निवेदन आणि अठरा चित्रांच्या चिठ्ठ्या करायच्यात. कुणी उलगडून सांगेल का?

पिवडी:
आधी शिक्षण. मूळ कागदात ‘माएस्त्रो दार्ते’ असणार. तो किताब नाही, दाखला आहे. ‘इस्तितूतो दार्ते’ नावाच्या शाळेत तीन वर्षं काढली की मिळायचा. २०१०च्या फेरबदलात या शाळा ‘लिचेओ आर्तिस्तिको’त, म्हणजे कलाशाखेच्या माध्यमिक शाळांत, विलीन झाल्या. आपल्याकडे ए. एम. (आर्ट मास्टर) झालेल्याला कुणी कलामहर्षी म्हणत नाही, तसंच हे.

‘नग्नतेची मुक्त शाळा’ म्हणजे ‘स्कुओला लीबेरा देल नूदो’, कला अकादमीला जोडलेला मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग. तिथे अकादमीची पदविका मिळत नाही, म्हणून ‘तिथून पदवी घेतली’ असं लिहू नका, ‘रेखाटनाचा सराव केला’ पुरे. अकादमीची पदविका वेगळी लिहिलेली असेल. जुना अभ्यासक्रम चार वर्षांचा होता. १९९९च्या ५०८ क्रमांकाच्या कायद्यानंतर हळूहळू तीन अधिक दोन वर्षांची रचना आली. त्यांच्या वयाकडे पाहता चार वर्षांचीच असणार, तिला बीएफए (कलेची पदवी) म्हणू नका. जी. डी. आर्टसारखी पदविका म्हटलं की नाशिकच्या श्रोत्यांना बरोबर कळेल.

‘दी रुओलो’मधला रुओलो म्हणजे भूमिका नव्हे, सेवेतलं कायम पद. ‘सुप्लेन्ते’ म्हणजे बदली शिक्षक, ‘आ कोन्त्रात्तो’ म्हणजे कंत्राटी. आणि ‘प्रोफेस्सोरे’ दिसला की लगेच प्राध्यापक करू नका. तिकडे अकरा वर्षांच्या मुलांना शिकवणाराही प्रोफेस्सोरेच. पुढचा शब्द बघा: ‘स्कुओला मेदिया’ असेल तर ११ ते १४ वयाच्या मुलांची शाळा, ‘दिशिप्लीने पित्तोरिके’ असेल तर लिचेओत चित्रकला, ‘कात्तेद्रा’ आणि ‘आक्कादेमिया’ एकत्र असतील तरच प्राध्यापक.

गोदाकाठ:
मूळ पाहिलं. ‘स्कुओला मेदिया’ नऊ वर्षं, मग लिचेओ. हे सांगितलं तर पाहुण्यांचा मान कमी होईल असं आयोजकांचं म्हणणं पडलं.

पिवडी:
आयोजकांना इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीचं उदाहरण सांगा. १९१४ पासून दीड दशक बोलोन्यातल्या प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवत होता. १९३० मध्ये त्याच शहरातल्या अकादमीत ‘क्यारा फामा’ म्हणजे ख्यातीच्या जोरावर थेट उत्कीर्णनाचं (धातूच्या पत्र्यावर कोरून छाप काढण्याच्या तंत्राचं) अध्यापनपद मिळालं, ते १९५६ पर्यंत सांभाळलं. शाळेची वर्षं गाळलीत तर परिचयात मधेच खड्डा पडतो आणि ऐकणारा विचारतो, हे तेव्हा काय करत होते? शाळेची वर्षं आणि प्रदर्शनं एकाच ओळीत द्या: ‘अमुक शाळेत शिकवत असतानाच १९८४ मध्ये पहिलं एकल प्रदर्शन’.

मळाबाहेरचा:
प्रदर्शनांचं बघू. ‘पेर्सोनाले’ म्हणजे एकल प्रदर्शन, ‘कोल्लेत्तीवा’ म्हणजे समूहप्रदर्शन. ‘आन्तोलोजिका’ म्हणजे अनेक वर्षांच्या कामातून निवडलेलं, ते ठळक सांगा. ‘प्रेमिओ आक्विस्तो’ला खरेदी-पुरस्कार म्हणा, बक्षीस म्हणून चित्रच विकत घेतलं जातं. ‘सेन्यालातो’ म्हणजे नुसती उल्लेखनीय नोंद, ते पुरस्कारांत घालू नका.

‘बिएन्नाले १९८७’ला मात्र थांबा. बिएन्नाले म्हणजे दोन वर्षांनी भरणारं एवढंच, आणि इटलीत अशी गावोगावी भरतात. व्हेनिसचं कलाप्रदर्शन १८९५चं. पण १९१० ते १९९० या काळात ते सम वर्षांत भरायचं. १९९३ पासून विषम वर्षांत आलं, ते २०१९ पर्यंत, मग २०२१चं लांबून २०२२ला गेलं. म्हणजे १९८७ला व्हेनिसचं नव्हतंच. दुसऱ्या गावाचं नाव पुढे असेल, ते शोधून लिहा. एमिलिओ वेदोवाला व्हेनिसला चित्रकलेचा मोठा पुरस्कार मिळाला तो १९६०चा, सम वर्ष. (तोही चित्रकार-शिक्षकच, १९७५ पासून व्हेनिसच्या अकादमीत.) कार्यक्रमपत्रिकेत उगाच ‘व्हेनिस’ छापलंत तर सगळ्यांत आधी पाहुणेच दचकतील.

चौकटवाला:
७० × ५० वर कुणी बोललं नाही आणि पैसे तिथेच बुडतात. तिकडे माप सेंटिमीटरमध्ये आणि उंची आधी लिहितात. म्हणजे ७० उंच, ५० रुंद, चित्र उभं. आपल्याकडे बरेच फ्रेमवाले इंचात आणि रुंदी आधी घेतात. आकडा तसाच सांगितला की चौकट आडवी होऊन येते. चिठ्ठीवर आयत काढून ‘उभं’ लिहा: साधारण २७½ इंच उंच, १९¾ रुंद. पण दुकानात हे गणितातले आकडे देऊ नका, खुद्द चित्र मोजून द्या. चौकटीच्या खाचेत प्रत्येक बाजूला दीड-दोन मिलिमीटर सैल ठेवायला सांगा. कागदावरचं काम घट्ट बसवलं तर पावसाळ्यात कागद फुगून लाटा येतात. माउंटला (मागच्या पुठ्ठ्याला) ते फक्त वरच्या कडेवर दोन कागदी बिजागऱ्यांनी टांगा, चारी बाजू चिकटवू नका.

‘नातूरा मोर्ता’ म्हणजे स्थिरचित्र. ‘तेक्निका मिस्ता’ मिश्र माध्यम. ‘आक्वाफोर्ते’ जलरंग नव्हे, एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेला छाप. त्याखाली ७/५० असेल तर पन्नासातली सातवी प्रत, ते माप नाही.

गोदाकाठ:
सात कामं एचिंगची निघाली, मी जलरंगात टाकली होती. शेवटचं, आडनावात ‘जीएन’ आहे, ग्न म्हणू का?

पिवडी:
न्य. बोलोन्यासारखं. ‘जीएलआय’ असेल तर ल्य, मोदिल्यानीसारखं. ‘सीएच’ म्हणजे क, म्हणून दे कीरिको. निवेदकाच्या कागदावर नाव फक्त देवनागरीत छापा, रोमन दिसलं की ऐनवेळी जीभ तिकडेच वळते.