ईपीओ माणसांवर करून झालंय
"उंदरांमध्ये एरिथ्रोपोएटिनने (ईपीओ, म्हणजे लाल रक्तपेशी वाढवणारं हार्मोन) हृदयाच्या मेलेल्या स्नायूचा डाग लहान होतो, मग अ‍ॅटॅकच्या पेशंटला का देत नाहीत?" हा प्रश्न रास्तच आहे. पण देऊन पाहिलंय. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिव्हील' चाचणीत २२२ जण होते. तिच्या मुख्य टप्प्यात अँजिओप्लास्टीने धमनी मोकळी केल्यावर काहींना चार तासांच्या आत ६०,००० युनिट्सचा एकच डोस शिरेतून दिला आणि काही दिवसांनी एमआरआयवर डाग मोजला. फरक शून्य! उलट सत्तरीच्या पुढच्यांमध्ये डाग मोठाच निघाला. वर मृत्यू, पुन्हा अ‍ॅटॅक, पक्षाघात, स्टेंटमध्ये गुठळी असले प्रकार फक्त औषध घेतलेल्या गटात झाले. संख्या लहान होती, तरी काळजी वाटावी असंच.

मला यात खरी गोम वेळेची वाटते. प्रयोगशाळेत धडधाकट, तरुण उंदराची धमनी दोऱ्याने आवळतात आणि बऱ्याचदा औषध आधीच किंवा त्याच सुमारास देतात. आपला पेशंट येतो तो छातीतली कळ अ‍ॅसिडिटी समजून दोन-तीन तास अंगावर काढून, वर मधुमेह असतोच. शिवाय हे हार्मोन नुसतं रक्त वाढवत नाही, गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट्सनाही चेव आणतं. नुकताच स्टेंट बसवलेल्या धमनीत ते नकोच असतं.