घरच्या रेकॉर्डिंगला दोन इनपुट पुरे. चारचा हट्ट कशाला?

काळी_चार:
गाणं, पेटी, तबला घरीच रेकॉर्ड करायचं म्हटलं की जो तो चार-आठ इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) सुचवतो. माझं मत उलटं आहे. स्कारलेट २आय२ किंवा मोटू एम२ असा दोन इनपुटचा इंटरफेस घ्या आणि उरलेल्या पैशांत बरा माइक, जाड पडदे, सतरंज्या. या किमतीतले प्रीअँपसुद्धा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) आता स्वच्छ असतात. रेकॉर्डिंग बिघडतं ते पंख्यामुळे आणि उघड्या फरशीमुळे. शिवाय सगळे एकाच खोलीत बसले की गायकाच्या माइकात तबला येणारच. मग चार ट्रॅक नुसते दिसायला वेगळे.

डग्गा:
साफ असहमत. दोन माइकांत तिघांना बसवून बघा. तबलजी रंगात आला की पेटी गायब. ती नंतर वर आणायची तर तिचा स्वतःचा ट्रॅक नको? आणि एकाच्या माइकात दुसऱ्याचा आवाज शिरण्याची ही गळती कमी करता येते हो. वाद्यापासून माइक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवायचं. पेटीचा माइक फुटावर, तर शेजारचा माइक तीन फुटांवर. दहा बाय दहाच्या खोलीतही जमतं.

काळी_चार:
त्यापेक्षा एकेक करून घ्या ना! आधी ठेका, मग पेटी, शेवटी गळा. हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येण्याचाही प्रश्न नाही, डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून येतच नाही.

डग्गा:
भावगीताला चालेल. नाट्यपदाचं काय? गायक तान लांबवतो, तबलजी त्याच्या तोंडाकडे बघत समेवर येतो. आधीच वाजवून ठेवलेल्या ठेक्यावर गायचं म्हणजे कराओकेच की. लय पुढेमागे होण्यातच तर मजा आहे, आणि तीच तुम्ही कापून टाकताय.

खर्जातला:
भांडा निवांत, पण खरेदीला जाणाऱ्यांनी एक बघा. नावातला आकडा फसवतो. मोटू एम४ आणि स्कारलेट ४आय४ मध्ये माइकचे प्रीअँप दोनच असतात. बाकीचे दोन इनपुट लाइनचे, म्हणजे माइकसाठी नव्हेत, तिथे कीबोर्ड लावा नाहीतर इलेक्ट्रॉनिक तानपुरा. चार माइक खरोखर लागणार असतील तर बेहरिंगर यूएमसी४०४एचडी, त्यात चारही प्रीअँप आहेत. दुसरं, पॉडकास्टवाल्यांकडे दिसतो म्हणून शुअरचा एसएम७बी माइक उचलू नका. त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन (प्रीअँपने सिग्नल वाढवणं) लागतो, स्वस्त इंटरफेसचा तिथे दम निघतो. कंडेन्सर जातीचा माइक असेल तर ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेसमधून माइकला मिळणारी वीज) चालू करायला विसरू नका. माइक बंद पडल्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

काळी_चार:
@खर्जातला, म्हणजे चारच्या नावाखाली लोक दोनच प्रीअँप घरी आणतात. माझं म्हणणं वेगळं काय होतं? @डग्गा, ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या जमान्यात सगळे एकाच माइकभोवती बसायचे. तबला मोठा वाटला तर तबलजीला मागे सरकवायचे. दोन माइकांची स्टिरिओ जोडी लावा आणि माणसं हलवा.

डग्गा:
त्या तबकड्यांमध्ये डग्ग्याची घुमक ऐकू येते का तुम्हाला? मला नाही येत. मी ४०४च घेणार.

काळी_चार:
घ्या. पण आधी पंखा बंद करा.