देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात स्पार्क प्लग घरीच बदलायचे आहेत, काय सांभाळू?

धागाकर्ता, देवगड

नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडरची. ६२ हजार किलोमीटर झाले आणि माझ्या माहितीप्रमाणे प्लग अजून कंपनीचेच आहेत. शिरगाव, नांदगावपर्यंत गाडी लोण्यासारखी चालते. फोंडा घाट लागला, तिसऱ्या गिअरवर जरा जास्त पाय दिला, की हिसके देते. गेल्या आठवड्यात आईला घेऊन कोल्हापूरला चाललो होतो, तेव्हा इंजिनचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला.

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. बोनेटखालचे निम्मे बोल्ट तांबडे झालेत. म्हणून भीती वाटते की प्लग काढायला जायचो आणि आत काहीतरी तुटून बसायचं. पाना कुठला घेऊ? इरिडियम धातूच्या टोकाच्या प्लगला जास्त पैसे घालावेत का? ज्यांनी किनाऱ्यावर राहून हे काम स्वतः केलंय त्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद, रत्नागिरी

लक्षणं प्लगचीच वाटतात. घाटात इंजिनवर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. झिजलेल्या प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, आधीच वाढलेला, मग प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल कमी पडते. सपाटीला तेच प्लग निभावून नेतात. पण दिवा लुकलुकत असताना घाट रेटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो खराब झाला तर खर्च प्लगच्या कितीतरी पट.

प्लगचा नंबर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातून घ्या, दुकानदार ‘हाच चालतो’ म्हणाला म्हणून नको. साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजारांना बदलायचे असतात, इरिडियम ८० हजार ते लाखापर्यंत जातात. माझं मत विचाराल तर आपल्याकडे इरिडियम घ्यावेत, पण तुमच्या इंजिनासाठी तो नंबर दिलेला असेल तरच. ताकद वाढते म्हणून नव्हे, गंजलेले कॉइलचे बोल्ट वारंवार खोलावे लागत नाहीत म्हणून. मात्र नकली माल फार फिरतो. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिल मागा. इरिडियमचा गॅप स्वतः वाकवून कमीजास्त करू नका, टोक बारीक असतं, तुटतं.

प्रतिसाद, मालवण

बाबा रे, मी पंधरा वर्षं गॅरेजात हात काळे केले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. बसवणं सोपं आहे, खरी परीक्षा काढताना.

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्री गाडी लाव, सकाळी काम कर. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना प्लग पिळलास तर आटे ओढून बाहेर येतात. कॉइलचा बोल्ट बहुतेक १० च्या पान्याचा असतो. तो तांबडा दिसला तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल दोन थेंब सोड. कॉइल काढलीस की लगेच प्लगला हात लावू नको. कॉइलखालच्या खड्ड्यात डोकावून बघ. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ आणि मिठाची पांढरी पूड मिळून तळाशी चिकट थर बसतो. सायकलच्या पंपाने तो फुंकून काढ, डोळ्यांवर चष्मा लाव. नाहीतर प्लग काढल्यावर तो कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो.

पाना साधारण १६ चा किंवा १४ चा लागतो, आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन घे. पाव फेरा सैल केल्यावर करकर आवाज आला, तर तिथेच थांब. त्याच गंज सोडवायच्या तेलाचा थेंब आट्यांवर सोड, अर्धा तास जाऊ दे, मग थोडा आत, थोडा बाहेर असा हलवत काढ. जोर लावून एकदम फिरवलास की हेड उतरवायची वेळ येते.

नवा प्लग बसवताना रॅचेट बाजूला ठेव. सॉकेट आणि एक्स्टेन्शन नुसत्या बोटांनी फिरव, तळाला टेकेपर्यंत. मध्येच अडला तर आटा आडवा गेलाय, उलटा फिरवून परत सुरू कर. नंतर टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना. १४ मिलिमीटर आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ ला १५ ते २०, आणि पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला नवा १४ मिलिमीटर आट्याचा प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा फिरवून थांब. आट्यांना ग्रीस लावू नको. नव्या प्लगला मुलामा असतो, वर ग्रीस लावलं की घसरून जास्त आवळला जातो.

प्रतिसाद, अलिबाग

दादांनी सगळं सांगितलं, एक भर घालते. कॉइलच्या वायरचा प्लास्टिकचा खटका उन्हाने आणि खाऱ्या हवेने ठिसूळ होतो. माझ्याकडून एक असाच तुटला. ओढू नका, अंगठ्याने दाबून धरा आणि हळू सरकवा. कॉइलच्या रबराच्या तोंडाशी आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस बोटाने पातळ फिरवा, पावसाळ्यात दमटपणा आत जात नाही. खड्ड्यात तेल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलंय, ते आधी करा. आणि एकावेळी एकच प्लग बदला, म्हणजे कॉइली आणि वायरी अदलाबदल होत नाहीत.

धागाकर्ता, देवगड

मंडळी, रविवारी सकाळी काम झालं. पहिले दोन मुकाट्याने निघाले. तिसरा करकरला आणि माझ्या पोटात गोळाच आला. मालवणच्या दादांचं ऐकून तेल सोडलं, चहा घेऊन आलो, हलवत हलवत काढला. त्याच्या आट्यात तांबडा चिखल वाळून दगड झाला होता. जुने चारही ओळीने पेपरवर ठेवले. तीन फिक्कट तपकिरी, तिसरा काळा आणि कोरडा. फट मोजायच्या पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, लावलं तर त्याचा गॅप १.४ मिलिमीटर भरला, पुस्तकात १.१ आहे. पुस्तकात इरिडियम नव्हते, म्हणून निकेलचेच घातले.

काल पुन्हा फोंडा चढलो, तिसऱ्या गिअरवर. हिसका नाही, दिवाही नाही. आई म्हणाली, आज गाडी गप्प का? आता दुसऱ्या कॉइलचा बोल्ट डोक्याशी गोल झालाय, तो नवा कणकवलीत मिळतो का हे कुणाला माहीत असेल तर सांगा. पावसाच्या आधी बदलायचा आहे.