मुलांना शेअर बाजार शिकवताना स्पर्धा घ्यावी का?

प्रश्न

मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना गणित शिकवते. गेल्या वर्षी वर्गात सहा आठवड्यांची शेअर बाजाराची स्पर्धा घेतली होती. प्रत्येक गटाला सारखीच काल्पनिक रक्कम दिली होती आणि भाव मात्र खरे घेतले होते. ज्या गटाने सगळी रक्कम एकाच कंपनीत घातली, तोच पहिला आला. सहा कंपन्यांची नीट माहिती काढून रक्कम विभागणारा गट चौथा आला आणि त्यातल्या एका मुलीने मला विचारले, “मग आम्ही शिकलो ते चूक होते का?” तिला समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. या वर्षी हा विषय पुन्हा घ्यायचा आहे. मुलांना तो जुगार वाटू नये आणि त्यांचा उत्साहही मावळू नये, यासाठी सुरुवात कोठून करावी?

उत्तर १

त्या मुलीला निःसंकोच सांगा की तिच्या गटाचा विचार बरोबर होता. सहा आठवड्यांत भाव वर-खाली होतात ते बरेचसे बातम्यांमुळे, लोकांच्या मनःस्थितीमुळे आणि योगायोगाने. कंपनीचा धंदा तेवढ्या दिवसांत फारसा बदलत नाही. शेवटचा आलेला गट कोणता होता, हेही आठवून पाहा. बहुतेकदा त्यानेही सगळी रक्कम एकाच ठिकाणी घातलेली असते, पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

माझा अनुभव असा की भावाआधी मालकी शिकवावी. आम्ही वर्गात वह्यांना कव्हरे घालून देणारी एक छोटी कंपनी काढली आणि तिचे वीस समान भाग करून वीस चिठ्ठ्या वाटल्या. महिनाअखेरीस नफ्यातला अर्धा भाग पुढच्या कागदासाठी राखून ठेवायचा की सगळा वाटून घ्यायचा, यावर मुले तासभर भांडली, आणि लाभांश म्हणजे काय हे मला फळ्यावर लिहावेच लागले नाही. मग एका मुलाला आपली चिठ्ठी विकायची होती. त्याच दिवशी शेजारच्या वर्गाकडून मोठे काम मिळणार असल्याची कुणकुण लागली आणि त्या एका चिठ्ठीसाठी तिघे जण बोली लावू लागले. कंपनीत त्या दिवशी एक कव्हरही जास्त तयार झाले नव्हते, तरी भाव चढला; तो का चढला, हे शोधण्यात पुढचे दोन तास गेले आणि ते सत्कारणी लागले.

१६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने भांडवल उभारले, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅममध्ये व्यापाऱ्यांबरोबर घरकाम करणाऱ्या एका मोलकरणीनेही आपली बचत त्यात गुंतवली होती. एवढी एक गोष्ट सांगितली की शेअर ही सामान्य माणसाने घेतलेली भागीदारी आहे, हे मुलांच्या मनात पक्के बसते.

उत्तर २

आपण गणित शिकवता, म्हणून शेकडेवारीपासून सुरुवात करा. १०० चे ५० झाले की घट ५० टक्के, पण ५० चे पुन्हा १०० व्हायला १०० टक्के वाढ लागते. हे मुलांनी स्वतःच्या हाताने मांडले पाहिजे. त्यानंतर ७२ चा नियम घ्या: ७२ ला वाढीच्या वार्षिक टक्केवारीने भागले की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. दरसाल सुमारे ६ टक्के वाढ धरली तर रक्कम साधारण १२ वर्षांत दुप्पट होते. म्हणजे बाराव्या वर्षी ठेवलेले १,००० साठाव्या वर्षापर्यंत चार वेळा दुप्पट होऊन सुमारे १६,००० होतात, तर छत्तिसाव्या वर्षी ठेवलेल्या तेवढ्याच रकमेचे फक्त ४,०००.

मात्र अशी वाढ दरवर्षी ठरल्याप्रमाणे मिळते, असा समज होऊ देऊ नका. अमेरिकेतील काही मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांवरून काढला जाणारा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता. जुलै १९३२ पर्यंत तो ४१ वर आला आणि जुनी पातळी त्याने १९५४ मध्ये ओलांडली. या हिशेबात लाभांश धरलेला नाही, तरीही लवकर लागणारे पैसे बाजारात का ठेवू नयेत, हे सांगायला हे तीन आकडे पुरेसे आहेत.

उत्तर ३

स्पर्धा बंद करू नये असे मला वाटते, कारण मुले त्यासाठी वर्तमानपत्र वाचू लागतात. फक्त गुण नफ्याला न देता नोंदवहीला द्यावेत: शेअर का घेतला, कंपनी पैसे कशातून मिळवते, आपला अंदाज कशामुळे चुकू शकेल. ही नोंद खरेदीच्या आधी लिहून घेणे आवश्यक आहे; नंतर लिहिली की प्रत्येकाला सगळे आधीच ठाऊक होते असे वाटू लागते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गेल्या वर्षीच्या वह्या काढून पाहिल्या. शेवटच्या गटानेही खरोखरच सगळी रक्कम एकाच कंपनीत घातली होती आणि दोन्ही गटांनी दिलेले कारण जवळजवळ शब्दशः सारखे होते: “हा शेअर सध्या खूप वाढतो आहे.” ती मुलगी आता पुढच्या वर्गात आहे. उद्या तिला बोलावून या दोन्ही वह्या तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवणार आहे.